न जुळणारा काठ

मी भौतिकशास्त्र शिकलो आहे आणि नकाशे काढून पोट भरतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. हे वाचून तुमचा बसावा, असा आग्रह नाही. घडले ते जसेच्या तसे सांगतो. वेळ भर दुपारची. जागा माझे कार्यालय, डोक्यावर लख्ख ट्यूबलाइट.

कोणालाही वापरता येतो असा खुला भौगोलिक डेटा उतरवून घ्यायचा आणि गिऱ्हाइकाला हवा तसा नकाशा काढायचा, हे आमचे काम. त्या दिवशी नदीकाठच्या वस्तीचा नकाशा अग्निशमन दलाला द्यायचा होता.

पडद्यावर नकाशा उमटला... आणि अर्धी वस्ती निळी झाली.

यात नवल नव्हते. नदीचा काठ म्हणजे संगणकाच्या लेखी एक बंद रेषा. आत पाणी, बाहेर जमीन. टोके जुळली नाहीत की निळा रंग फटीतून सांडतो.

फट नदीच्या वळणावर सापडली.

माझा हात थबकला. ती रेषा भावोजींची, माझ्या ताईच्या यजमानांची होती. ते सर्वेक्षक, सुट्टीतही चाललेली वाट नोंदवणारे यंत्र घेऊन काठाने चालत आणि ती वाट खुल्या नकाशात चढवत. गेल्या वर्षी त्याच वळणावर त्यांचे यंत्र सापडले.

ते सापडले नाहीत.

यंत्रातली अर्धवट वाट त्यांच्या मित्रांनी तशीच चढवली होती.

मी टोके जोडली. साठवलेली जुनी चित्रे, म्हणजे कॅश, पुसली. नकाशा पुन्हा काढला.

पुन्हा निळे.

वळणावरची फट बुजली होती. नवी फट... त्याच वस्तीत, ताईच्या गल्लीच्या तोंडाशी होती.

तीही जोडली. आता फट ताईच्या मागच्या अंगणात.

"कॅश पुसली का नीट? की नदीच बाधली तुम्हाला?" शेजारच्या टेबलावरून शंकासुर हसला. या सहकाऱ्याला आम्ही सारे याच नावाने हाक मारतो. त्याने स्वतःच्या संगणकावर नकाशा काढला.

हसू मावळले.

"अहो... माझ्याकडे तर ती फट मागच्या दाराला टेकलीय."

मी ताईला फोन लावला.

"ताई, मागचं दार लावलंयस ना?"

"ते मी कधी लावते का रे? हे आले तर बाहेर ताटकळतील."

"आत्ताच्या आत्ता लाव!"

"ओरडतोस काय? थांब जरा... अंगणात कोणीतरी चपला झटकतंय."

तिच्यामागे पंख्याचा खडखडाट नेहमी ऐकू येई. तो थांबला.

मी धावत पोहोचलो. ताई धडधाकट होती. अंगण कोरडे, उंबरठा मात्र ओला. नळ गळत असावा, असे मी स्वतःला सांगितले.

त्या अंगणात नळ नाही.

संध्याकाळी ताईला आमच्या घरी आणले. दुसऱ्या दिवशी नकाशा निर्दोष उमटला. अग्निशमन दलाला तो देऊनही टाकला.

काल दुपारी सहज पुन्हा काढून पाहिला. डेटात कोणीही बदल केलेला नव्हता, हे तपासले आहे.

फट होती... आमच्या घराच्या मागच्या दाराशी.

घरी फोन केला. "ताई, मागची कडी मी लावून आलो होतो. आहे ना लावलेली?"



"रागावू नकोस हं," ती हळूच म्हणाली. "मीच काढली. त्यांना हे घर नवीन आहे ना."

ती फट मी अजून जोडलेली नाही. रेषा बंद झाली, तर ताई बाहेर राहील की आत... हे मला सांगता येत नाही.