वांग्याबरोबर कुठली वाईन?

“शेवग्याच्या शेंगांबरोबर कुठली वाईन जाते?”

माया दचकली. उल्हासनगरात मोटवानी शेठच्या वाईन शॉपबाहेर, छत्रीखाली टेबल टाकून ती रेड वाईनची माहिती द्यायची. पण इतक्या गंभीर चेहऱ्याने इतका वेडगळ प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. २००८ चा नोव्हेंबर, थंडी नुकती पडू लागलेली. समोरचा मुलगा उंच होता, शर्टाला इस्त्री होती, आणि कानामागे, का कोण जाणे, कोथिंबिरीचं एक पान अडकलं होतं.

आला! माया मनात म्हणाली.

नोकरी पक्की करायच्या आधी वाईन कंपनी गिऱ्हाइकाच्या वेषात आपला माणूस पाठवायची. त्याच्यापुढे चुकलं की उद्यापासून येऊ नका. शेठने तिला आधीच सावध केलं होतं. “बेटा, चेकिंगवाला कळतच नाय. जो सबसे अजीब सवाल पूछे ना, समझ लेना वही है.”

आणि मायाला घाबरायला कारण होतं. ज्या वाईनचं वर्णन ती दिवसभर घडाघडा म्हणायची, ती तिने आयुष्यात चाखलेलीच नव्हती. तिच्या घरी बुद्धाच्या तसबिरीसमोर रोज संध्याकाळी पंचशील म्हटलं जायचं. पाचवं, मद्य न घेण्याचं शील आलं की आई डोळे उघडून सगळ्यांकडे एकेकदा बघून घ्यायची. घरी मायाने ‘द्राक्षांच्या कंपनीत लागले’ असं सांगितलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. द्राक्षं जरा जुनी होती, एवढंच.

“शेवग्याची शेंग सावकाश चोखून खायची असते,” ती म्हणाली, “म्हणून वाईनही घाई न करणारी हवी. ही घ्या. मऊ आहे. शेवटी ओकचा हलका गंध येतो.”

“ओक म्हणजे?”

“लाकूड.”

“कसलं?”

“ओकचं.”

त्याने समाधानाने मान डोलावली, बाटली घेतली आणि गेला. कोपऱ्यावर पोचल्यावर मागे वळून पाहिलं... चेकिंगवाले असंच बघतात, असं मायाने स्वतःला बजावलं.

पुढच्या आठवड्यात तो वालाची भाजी घेऊन आला. म्हणजे प्रश्न घेऊन. मग सुरण. मग लाल माठ. नाव कमलेश, राहायला बदलापूरजवळच्या जांभूळला. “शेती आहे आमची,” तो म्हणाला. मायाचा संशय बळावला. चेकिंगवाला आणखी काय सांगणार?

“बरं... दुधीबरोबर?” एकदा त्याने विचारलं.

“दुधीबरोबर काहीच जात नाही. दुधी एकटा असतो.”

“मीपण,” तो म्हणाला आणि लगेच स्वतःच्या चपला बघू लागला.

मायाचे कान तापले. हे ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. गिऱ्हाईक सलगी करायला लागलं तर हसून विषय बदलायचा. ती हसली. विषय बदलायचा मात्र राहून गेला.

त्या दिवशी घरी जाताना तिला स्वतःचाच राग आला. हा माणूस आपल्यासाठी येतो की आपल्याला पकडायला? एवढं कळलं असतं तर झोप तरी लागली असती.

डिसेंबरात त्याने बॉम्ब टाकला. “नाताळची सुट्टी असेल ना तुम्हाला? शेतावर पोपटी लावतोय, मडक्यात भाजायची. आईचा मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आहे, म्हणून कोंबडी नाही. वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, वांगी. तुम्हीच येऊन सांगा, वांग्याबरोबर कुठली जाते.”

“गुरुवारी? वाईन?”

“वाईन शाकाहारीच असते ना?”

सरळसरळ सापळा. पण शेठ म्हणाला, “जाना पड़ेगा, बेटा. फायनल एक्झाम है.”

शेतावर ऊन कललं होतं. पालथ्या मडक्याभोवती जाळ पेटला होता आणि मडक्याच्या तोंडात कोंबलेल्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा कडवट, गोडसर वास धुरातून येत होता. कमलेशची आई मोतीबाई हिरव्या नऊवारीत पुढे आली.

“ये गो बाय! तूच ना ती, जांबलाच्या रसाच्या कंपनीतली?”

मायाने कमलेशकडे पाहिलं. कमलेशने जाळाकडे पाहिलं. खाटेखाली ओळखीच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. लेबलं खरवडून काढलेली.

“यांना शुगर हाय,” मोतीबाईने पलीकडे उभ्या नवऱ्याकडे, बुधाजींकडे, बोट केलं. “कमलेश रस आनतो, मी जेवल्यावर दोन चमचे देतंय. तवापासून मानूस नुसता आनंदात.”

बुधाजींना त्या दिवशीचे दोन चमचे मिळालेले दिसत होते. ते एका शेळीला गाणं म्हणून दाखवत होते. शेळीचा चेहरा पडला होता.

मोतीबाईने स्टीलच्या पेल्यात जांभळट लाल रस ओतला आणि मायापुढे धरला. “घे. तुमचेच कंपनीचा.”

माया पेल्याकडे बघत राहिली. घेतला तर पाचवं शील गेलं. नाही घेतला तर नोकरी. कमलेश श्वास रोखून तिच्याकडेच बघत होता...

“मी नाही घेणार,” ती म्हणाली. मग ती कमलेशकडे वळली. “मी कधीच घेतलेली नाही. ओक कसला असतो, मला माहीत नाही. लिहा तुमच्या रिपोर्टमध्ये!”

“कसला रिपोर्ट?”

“तुम्ही चेकिंगवाले ना?”

“मी? मी मुळे लावतो.”

“पुरावा काय?”

त्याने दोन्ही हात पुढे केले. नखांत माती इतकी खोल गेली होती की कंपनीच्या खर्चाने ती बसवणं शक्य नव्हतं.

“मग एवढ्या बाटल्या कशाला नेल्या?”

“मला ॲसिडिटी आहे,” कमलेश खालच्या आवाजात म्हणाला. “एक घोट घेतला नाही. पण तुमच्या टेबलापाशी रिकाम्या हाताने किती वेळ उभा राहणार? मग आईला बाटली सापडली... तोंडातून निघून गेलं, जांभळाचा रस आहे म्हणून. तिने बाबांना चालू केला. आता थांबवू कसा?”

“येड्या,” मोतीबाई शांतपणे म्हणाली, “माझा बाप दारू गालायचा. मला वास कलनार नाय? पयले बाटलीलाच वलखलं. म्हटलं, पोरगी घरा येऊंदे, मंग बोलू.”

बुधाजींचं गाणं थांबलं. “म्हंजे... मी काय पितोय?”

“जांबलाचा रस. बाजारातून आनलेला. तुमचे बाटलीत भरून ठेवते.”

“निस्ता?”

“निस्ता. का? तुमाला काय वाटला?”

“काय नाय,” बुधाजी म्हणाले आणि खाटेवर बसले. महिनाभराची नशा एका दमात उतरली. शेळीने सुटकेचा श्वास सोडला.

“मग वाईन कुठे गेली?” माया आणि कमलेशने एकदमच विचारलं.

मोतीबाईने मागच्या वाफ्याकडे हात केला. “वांग्यांना. पान्यात कालवून.”

वाफ्यातली एक ओळ बाकीच्यांपेक्षा गडद होती आणि, मायाला वाटलं, जराशी झुकलेली.

मडकं उघडलं. वाफेचा लोट उठला. मोतीबाईने केळीच्या पानावर सगळ्यात आधी एक वांगं ठेवलं, मायापुढे. माया त्याच्याकडे बराच वेळ संशयाने बघत राहिली.

“हे खाल्लं तर... चालेल?”

“प्यायली मुळं,” कमलेश म्हणाला. “वांग्याचा काय दोष?”

तिने एक घास घेतला. मऊ होतं, गरम होतं, ओवा होता. शेवटी कसलातरी हलका गंध...

“लाकूड?” त्याने विचारलं.

“हो.”

“कसलं?”

“बाभळीचं,” ती म्हणाली, आणि हसली. चाखून सांगितलेलं तिचं हे पहिलंच वर्णन होतं.

मग ती गंभीर झाली. “उद्या कंपनीला सांगून टाकणार आहे, मी वाईन चाखत नाही म्हणून. घरीपण सांगणार. ठेवायचं तर ठेवा म्हणावं.”

“आणि नाही ठेवलं तर?”

“तर तिथे टेबल नसेल. तुम्हाला उभं राहायला जागा नसेल.”

जाळ विझत आला होता. कमलेशने एक निखारा काडीने उगाच इकडचा तिकडे केला.

“मग तुमच्या घरी आलो तर?... आईंसाठी भाजी घेऊन. वाईन नाही. दुधी आणेन, ताजा.”

मायाने त्याच्या कानामागे पाहिलं. आज कोथिंबीर नव्हती, भांबुर्ड्याचं पान होतं. तिने हात पुढे केला आणि ते अलगद काढलं.

“दोन आणा,” ती म्हणाली.