हार्मसेनचा उशीर

टपालकचेरीतून पत्र आणायला वीबके स्वतःच जायची. मोलकरीण ट्रीनाला पाठवलं, की ती वाटेत कोळणींशी गप्पा छाटत बसायची आणि पत्राला धुरी दिलेल्या माशाचा वास लागायचा. त्या जानेवारीतल्या दुपारीही वीबके समुद्राच्या बांधावरून चालत गेली, ब्रेस्लाऊहून आलेलं पाकीट घेतलं, आणि घरी येऊन शेगडीजवळ बसून फोडलं.

पत्र डॉक्टर लोबेकचं होतं. लोबेक म्हणजे तिच्या नवऱ्याचा, डेटलेफ हार्मसेनचा, वीस वर्षांचा मित्र. दोघेही आकाशाकडे बघत जन्म काढणारे, आणि सगळी मैत्री पत्रांतली. एकमेकांचं तोंडसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. दर पत्राच्या शेवटी डेटलेफ लिहायचा, "येतो रे, उशिरा का होईना, पण येतो." मग सप्टेंबरात छातीत कफ साचला आणि तो गेला. ताऱ्यांची यादी अर्धीच राहिली. ती पुरी करायचं वीबकेनं मनावर घेतलं. वरच्या वेधशाळेत ती वेध घ्यायची, आकडे लोबेकना पाठवायची. वसंतात यादी डेटलेफच्या नावानं छापायची, असं ठरलं होतं.

"वहिनी," लोबेकनी लिहिलं होतं, "लिहिताना लाज वाटते, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. डिसेंबरचे म्हणून पाठवलेले वेध तुमचे नाहीत. ते डेटलेफचे आहेत."

हे त्यांना कसं कळलं? तर दुर्बिणीच्या भिंगात एक उभा धागा असतो. तारा सरकत येतो, धागा ओलांडतो. बघणाऱ्यानं शेजारच्या घड्याळाचे ठोके कानानं मोजत तो क्षण लिहायचा. आता डोळा आणि कान यांचं प्रत्येकाचं जमतं वेगळं. कुणी जरा आधी लिहितो, कुणी जरा नंतर, आणि ते जन्मभर बदलत नाही. स्वभावाला औषध नाही. डेटलेफ नेहमी अर्धा ठोका उशिरा. लोबेक बरोब्बर धाग्यावर. आणि वीबके? तिचे वेध एका उन्हाळ्यात डेटलेफनं गंमत म्हणून पाठवले, तेव्हा लोबेकनी कळवलं होतं, 'वहिनींचा हात तारा धाग्याला टेकायच्या आतच उठतो. अशा उतावळ्या बाईनं तुझ्याशी लग्न कसं केलं?'

आणि डिसेंबरच्या झाडून सगळ्या ताऱ्यांना अर्ध्या ठोक्याचा उशीर होता.

"मी त्याचे जुने आकडे नव्या तारखा घालून खपवले, असं म्हणतायत," वीबके म्हणाली.

"कोण, ते ब्रेस्लाऊचे? त्यांच्या जिभेला काही हाड?" ट्रीना वाटाण्याचं सूप ढवळत होती.

"यादी छापणार नाहीत गं. मेल्यावर त्याच्या नावाला बट्टा लागेल."

ट्रीनाचा डाव थांबला. "बाई... एक विचारू? वर तुम्ही कुणाशी बोलता?"

"कुणाशी नाही."

"मग 'आता' कोण म्हणतं?"

प्रत्येक ताऱ्याला हलक्या आवाजात 'हं... आता' म्हणायची सवय डेटलेफची होती. तिलाही ते ऐकू यायचं. इतक्या वर्षांचं कानात राहिलं असेल, म्हणून तिनं सोडून दिलं होतं. खरं तर ती रोज त्याची वाट बघत होती.

तिनं लोबेकना एवढंच कळवलं: 'डेटलेफच्या हयातीत कुणाला ठाऊकच नव्हतं, असं काही द्या मला.' उलट टपालानं त्यांनी एका लहानशा ग्रहाचा ठाव दिला. नाताळानंतर सापडलेला होता तो.

तिकडे हिवाळ्यात चारलाच काळोख पडतो. वीबकेनं छताची फट उघडली. खाऱ्या वाऱ्याबरोबर यंत्राच्या तेलाचा वास आला, आणि त्याच्या मागोमाग ओल्या लोकरीचा आणि तंबाखूचा. घड्याळ ठोके देत होतं. प्रकाशाचा ठिपका सरकत धाग्याजवळ आला. तिचा हात सवयीनं आधीच उठला, आणि तसाच राहिला. डाव्या कानामागे कुणीतरी श्वास घेतला.

"हं... आता."

तिनं लिहिलं. मानेवरचे केस उभे राहिले होते. पण ज्याच्याशी वीस वर्षं संसार केला, त्याला भ्यायचं तरी किती?

"पुन्हा उशीर," ती हळूच म्हणाली. मागे मात्र वळली नाही.

लोबेकचं उत्तर आलं. 'वहिनी, माफ करा. हा ग्रह त्यानं पाहणं शक्य नाही, आणि उशीर तर त्याचाच आहे. मी कुणाजवळ बोललो नाही. यादी छापायला दिली. त्याला माझा निरोप सांगा. म्हणावं, लेका, एवढं जमतंय तर मला दिलेलं वचनही पाळ. ये एकदा.'

वीबकेला हसू आलं आणि डोळेही भरून आले. वर जाऊन तिनं निरोप मोठ्यानं वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी ठिपका धाग्याशी आला. तिचा हात उठला. ती थांबली... थांबली. ठिपका धागा ओलांडून गेला. ना श्वास, ना तंबाखू. सप्टेंबरात लोकांसमोर आवरून धरलेलं सगळं रडणं तिनं तिथं जिन्यावर बसून रडून घेतलं. ट्रीना नुसती पाठीवर हात फिरवत राहिली.

पंधरवड्यानं ब्रेस्लाऊचं पाकीट आलं. 'जन्मात मला कधी उशीर झाला नाही, वहिनी. सोमवारपासून माझा एकेक तारा अर्धा ठोका उशिरा आहे. आला बरं का तो. खोलीत तंबाखूचा वास येतो, आणि मी तर ओढत नाही.'

तिनं लगेच लिहायला घेतलं. 'त्याची छाती नाजूक आहे, खिडकी उघडी ठेवू नका. तुमच्या गप्पा झाल्या की वसंतात त्याला परत पाठवा. मला इथं करमत नाही. एकट्याला वाट सापडायची नाही, तेव्हा तुम्हीच त्याला घेऊन या.' पत्र टाकून येताना तिला बरं वाटत होतं.

एप्रिलमध्ये बांधावर गवत हिरवं झालं. यादी छापून आली, त्यावर डेटलेफचं नाव होतं. ती शेगडीवरच्या फळीवर ठेवून वीबके संध्याकाळी वर गेली. तारा धाग्याकडे सरकला. त्याच्या आधीच तिचा हात उठला.

"आता," कुणीतरी म्हणालं. बरोब्बर धाग्यावर. आवाज अनोळखी होता, जरासा संकोचलेला, परक्या घरी पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यासारखा.

आणि अर्ध्या ठोक्यानं, तिच्या डाव्या कानामागे...

"हं... आता."

वीबकेची लेखणी हातातून गळून पडली. पुढच्या टपालानं ब्रेस्लाऊहून येणाऱ्या पत्रावरचं अक्षर लोबेकचं नसणार, हे तिला तेव्हाच कळलं. घेऊन या, असं तिनंच तर लिहिलं होतं.