फ्यूज नसलेला स्विच

समोर निरांजन तेवत असताना मी खोटं लिहिणार नाही. जे घडलं तेवढंच सांगते.

माझी मावसबहीण रश्मी सिंगापूरला तोआ पायोहमध्ये राहते. नवरा दीपेश जहाजावर इंजिनियर. ती त्याची दुसरी बायको. पहिली, कुमुद, त्याच घराच्या स्वयंपाकघरात आगीत गेली.

"तेल तापत ठेवलं आणि विसरली," दीपेश सगळ्यांना सांगायचा.

गेल्या वर्षीची अविधवा नवमी. भर दुपार.

सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी पान वाढतात. रश्मीनं स्वयंपाकघरातच सवतीसाठी मनापासून वाढलं. खीर, वडे, हिरव्या बांगड्या, ओटी.

"कसले हे थेर?" दीपेश दारातून म्हणाला. "मेलेली माणसं जेवतात होय?"

"तू नको जेवूस. नमस्कार तेवढा कर."

तो हसला. रश्मीनं हात जोडले. "ताई, काही राहिलं असेल तर मागून घ्या."

आणि... टक्.

ओव्हनसाठी भिंतीत वेगळा स्विच होता, शेजारी फ्यूजची छोटी डबी. स्विचवरचा लाल दिवा लागला.

स्विच तर बंद होता.

"ढिला झालाय," दीपेश म्हणाला. "अख्खं जहाज सांभाळतो मी, याचं काय घेऊन बसलीस." त्यानं डबी ओढून उघडली.

रिकामी.

आत फ्यूजच नव्हता... आणि दिवा जळत होता.

त्यानं बाहेर जाऊन मेन स्विच पाडला. पंखा थांबला. फ्रिज गप्प झाला.

दिवा तसाच.

तो आत आला, आणि मागून दार लागलं. वारा नव्हता.

जळक्या रबराचा वास सुटला. रश्मीला धूर कुठेच दिसेना. पण दीपेश खोकू लागला. वाकून, गुडघ्यांवर येऊन. त्याचे ओठ काळेनिळे पडले. रश्मीनं दार ओढलं, हलेना.

"सांग तिला... थांबव म्हणावं..."

"काय केलंस तू?"

"फ्यूज सारखा उडायचा. मी तिथे तांब्याची तार घातली. इलेक्ट्रिशियन बोलव म्हणत होती, मी हसलो. वायर तापून पेटली..." श्वास पुरेना. "नंतर तार खिशात घातली. तेलाची कढई मीच ठेवली शेगडीवर."

रश्मीनं कुमुदच्या वडिलांना, मनोहरकाकांना, पुण्याला फोन लावला आणि त्याच्यापुढे धरला. "मला नको. त्यांना सांग."

त्यानं सगळं सांगितलं.

मग काका हळूच म्हणाले, "ऐकलं, दीपेशराव. पण तुमच्यामागे... हसतंय कोण?"

दिवा विझला. दार आपोआप उघडलं.

दीपेश वाचला. डॉक्टरांना त्याच्या छातीत काजळी सापडली. कुठून आली, कुणाला सांगता येईना. त्याचा खोकला आजही थांबलेला नाही.

"खरं बोलला, तरी ताई का सोडत नाहीत?" रश्मी मला फोनवर विचारते.

मनोहरकाकांनी मला एक गोष्ट सांगितलीय. ती मी तिला अजून सांगितलेली नाही. सिंगापुरातही कुमुद वड शोधून दरवर्षी वटपौर्णिमेला दोरा गुंडाळायची. कडक उपवास करून सात जन्म हाच नवरा मागायची.

सातांतला तिचा हा पहिलाच जन्म होता...