साखर सुकेपर्यंत

"धरा! अहो, छप्पर धरा!"

दारातून कोण आलं हे ताईने पाहिलंच नाही. वाचनालयाच्या बालविभागात मुलांचा नाताळचा गोठा उभा राहत होता, अख्खा बिस्किटांचा, आणि नेमकी छपराची एक बाजू घसरली होती. आलेल्या माणसाने हातातला खोका टेबलावर टाकला आणि तळहात पुढे केले. एक बाजू तिच्या हातांवर, दुसरी त्याच्या. मधे साखरेचा ओला लेप.

"किती वेळ धरायचं?"

"दहा मिनि—"

ती थांबली. हा आवाज... जरा बसलेला, पीठ खाल्ल्यासारखा.

"काका?"

पहिलं मिनिट असं गेलं.

(काका कोण, ते आधी सांगायला हवं. तीन आठवड्यांपूर्वी, आधी बालविभाग सांभाळणाऱ्या बाईंनी नंबर दिला होता: बेकरीवाले काका, देवमाणूस. तेव्हापासून रोज फोन; बिस्किटं पोऱ्या आणून द्यायचा. काका, मरियेची मान मोडते. काका, मेंढ्या जाड लाटा. काका, गव्हाणीत बाळ मावत नाही. मेंढ्यांवरून बोलणं घरच्या गोष्टींवर कधी गेलं, कळलंच नाही. काल ती म्हणाली, "काका, एक स्थळ आलंय. मुलगा चांगला आहे. मावशी उद्या पाचला उत्तर मागणार. काय करू?" काका म्हणाले, "चांगला असेल तर... हो म्हणा.")

समोरचा तिशीचाही नव्हता. भुवईला पीठ.

"काका म्हणजे माझे वडील. गुडघे धरलेत, घरीच असतात. फोन मी घेतो."

"मग सांगितलं का नाही?"

"पहिल्या दिवशी तुम्ही बोलू दिलं नाहीत. दुसऱ्या दिवशी उशीर झाला होता."

"आणि पुढचे एकोणीस दिवस?"

"पुढचे एकोणीस दिवस... तुमचा फोन बंद व्हायला नको होता."

तिला राग आला. की हसू? कान तापले, एवढं नक्की. टक्कल पडलेले, चष्मा लावणारे काका तिने मनात शोधून पाहिले, बेपत्ता. ज्याला सगळं सांगितलं तो ओळखीचा, समोर उभा तो परका, आणि दोघे एकच! डोक्याचा नुसता भुगा. सगळे म्हणतात तसं काकांनी तिला एकदाही 'ताई' म्हटलं नव्हतं... तेव्हा खटकलं कसं नाही?

चौथं मिनिट. की सहावं?

"ताई, योसेफ संपला," लवंगी म्हणाली. वय वर्षं सहा, नावाप्रमाणे तिखट, ओठांवर चुरा.

"संपला म्हणजे?"

"पाय मोडला होता बिचाऱ्याचा. मग मी..."

"खोक्यात दुसरा आहे," तो म्हणाला. "मी एक जास्तच भाजतो."

"म्हणजे योसेफ द्यायला आलात?"

"नाही. कालचा सल्ला परत घ्यायला आलो. तो काकांचा होता. माझा नव्हता."

"मग तुमचा काय?"

"माझा..." त्याने छपराकडे पाहिलं. "फोनवर असतो तर सांगितलं असतं."

तेवढ्यात फोन वाजलाच. तिचा. पाच! तिचे हात अडकलेले. लवंगीने फोन तिच्या कानाला लावला.

"काय गं, हो की नाही?" मावशीचा आवाज अख्ख्या खोलीला ऐकू गेला.

"नाही, मावशी."

"अगं बाई! दुसरं कुणी आहे का मनात?"

तो गव्हाणीतल्या बाळाकडे पाहत होता.

"माहीत नाही... बहुतेक आहे. मी त्याला आत्ताच पाहिलं."

"शुद्धीवर आहेस ना?"

"छप्पर धरलंय, मावशी. नंतर बोलते."

लवंगीने छपरावर बोटाने टकटक केलं. टणक आवाज आला.

"ताई, हे कधीच सुकलंय."

"ओलं आहे," ती म्हणाली.

"खूप ओलं," तो म्हणाला.