डाव्या बाजूचा लोड

ही गोष्ट मी रचलेली नाही. माझ्या मावशीच्या नवऱ्याच्या बाबतीत हे घडलंय. काका अजून धडधाकट आहेत, गॅरेज चालवतात. फक्त हा विषय निघाला की उठून हात धुवायला जातात.

गेल्या सप्टेंबरातली, मंगळवारची संध्याकाळ. वेळ पावणेसहा. बाहेर चांगला उजेड होता.

काका गाड्यांच्या वायरिंगचं काम करतात. खाली गॅरेज, वर घर, आणि शेजारच्या खोल्यांत त्यांची वहिनी. वहिनीचा नवरा, म्हणजे काकांचा थोरला भाऊ, त्याच्या सहा महिने आधी मोटारसायकलवरून डावीकडे वळताना गेला. मागून टेम्पो आला. मागचा डावा इंडिकेटर चार दिवस बंद होता. भाऊ रोज म्हणायचा, अरे, एवढा एक बल्ब टाक. काका रोज म्हणायचे, उद्या टाकतो.

राहून गेलं.

काकांनी ते मनाला इतकं लावून घेतलं, की जेवताना मध्येच घास हातात धरून बसायचे.

वहिनीला हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर नोकरी लागली, तेव्हा ती म्हणाली, ह्यांचीच गाडी चालवीन. काकांनी नाना तऱ्हेने समजावलं. वहिनी कसली ऐकते! शेवटी त्यांनी गाडी नीट दुरुस्त केली आणि चारही इंडिकेटरना एलईडी बसवले. पुन्हा बल्ब जायची भानगडच नको.

डावं बटण दाबलं आणि...

टकटकटकटकटक.

काकांच्या अंगावर काटा आला. भाऊ जायच्या आधी चार दिवस गाडी अशीच घाई करत होती.

खरं तर यात भुताटकी काही नव्हती. इंडिकेटरची उघडझाप करणारी एक छोटी डबी असते, फ्लॅशर. तिला ठरलेला लोड, म्हणजे विजेचा भार, लागतो. एक बल्ब गेला की लोड कमी पडतो, आणि फ्लॅशर घाईघाईने वाजून सांगतो, एक कमी आहे. एलईडी वीजच इतकी कमी खातो, की फ्लॅशरला वाटतं बल्ब गेला. काकांनी जुना फ्लॅशर काढला, एलईडीचा नवा बसवला. इंडिकेटर शहाण्यासारखे सावकाश लागायला लागले. नवा फ्लॅशर आवाजही करत नव्हता.

जुना त्यांनी टेबलावर ठेवला.

त्या मंगळवारी काका एकटेच होते. आणि टेबलावरून आवाज आला...

टकटकटकटक.

फ्लॅशरला वायर नव्हती. बॅटरी नव्हती. नुसती डबी, लाकडावर पडलेली.

आठ-दहा वेळा वाजला आणि थांबला.

पाच मिनिटांनी वहिनी आली. काकांनी सहज विचारावं तसं विचारलं, पाच मिनिटांपूर्वी डावीकडे कुठे वळलात? ती म्हणाली, कुठे म्हणजे? नेहमीच्याच वळणावर.

जिथे भाऊ गेला, त्या वळणावर.

मग रोज तेच. पावणेसहाला फ्लॅशर वाजायचा, पाच मिनिटांनी वहिनी दारात. काका घाबरले, पण त्यांनी तो फेकला नाही. वाजून थांबला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. वहिनीने वळण सुखरूप पार केलं, एवढं तरी कळायचं.

असे तीन आठवडे गेले.

मग एके दिवशी तो वाजला...

टक... टक... टक...

सावकाश.

काकांच्या हातातला पाना खाली पडला. सावकाश वाजायचा अर्थ त्यांच्याइतका कोणाला कळणार? लोड पुरा झाला होता. आता कोणी कमी नव्हतं.

वहिनी आली. सहा महिन्यांत पहिल्यांदा ती गुणगुणत होती. गाडी स्टँडवर लावून ती वर गेली. काका मागच्या चाकाकडे बघत राहिले. मागचे शॉकअप, म्हणजे सीटखालच्या स्प्रिंगा, दबलेलेच होते, कोणी बसलं असावं तसे.

मग शॉकअप हळूहळू वर आले, कोणी उतरावं तसे.

त्यानंतर वहिनी उशिरा यायला लागली. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास. तितका वेळ फ्लॅशर वाजत राहायचा. एकदा चाळीस मिनिटं वाजला. काका कानांवर हात ठेवून बसले होते. चाळीस मिनिटं माणूस डावीकडेच वळत असेल, तर तो जातो कुठे? तो एकाच जागी गोल फिरतो.

वहिनी वाळत चालली होती. चेहरा मात्र हसरा.

शेवटी काकांनी किल्ली काढून घेतली. म्हणाले, "वहिनी, उद्यापासून मी सोडतो तुम्हाला. एवढा वेळ फिरता तरी कुठे?"

"मी कुठे फिरते, भाऊजी? मी नुसतं हँडल धरते. वळायचं कुठे ते हे सांगतात."

काकांनी किल्ली मुठीत घट्ट धरली.

"तुमच्यावर राग नाहीये त्यांचा," वहिनी म्हणाली. "परवाच तुमचं नाव काढलं. म्हणाले, एकदा त्यालाही घेऊन ये."

काकांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली. का दिली परत, हे विचारायची माझी हिंमत नाही.

फ्लॅशर त्यांनी हातोड्याने फोडला, तुकडे लांब नेऊन टाकले. तरी संध्याकाळी ते आतून कडी लावून बसतात. अजून वाजतो म्हणतात. मावशीला काही ऐकू येत नाही. ती म्हणते, मनाचे खेळ आहेत, भावाचं दुःख आहे.

मलाही तसंच वाटत होतं.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. पावणेसहाला काकांनी कडी लावली. वहिनी अजून यायची होती. आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो होतो...

आणि मला आवाज आला. सावकाश. दाराच्या अगदी जवळून.