रिकाम्या खोक्याचं वजन

हिरी दारात आली तेव्हा मनस्वी विशे एका विमा कंपनीच्या चौकशीचे कागद लावत बसली होती. शहापुरात खाजगी तपासाचं काम करणारी ती एकटीच. तिचे काका कुंडलिकबुवा, सापगावच्या भजनी मंडळातले टाळकरी, शेजारी खुर्चीत टाळांच्या दोऱ्या ओवत होते. हिरीला पाहताच त्यांनी मान खाली घातली.

हिरीनं वालाच्या शेंगांचं गाठोडं टेबलावर ठेवलं.

"ताई, पैशे नायत. हे घ्या. माझा माणूस चोर नाय, येवढं तुमी सांगा गावाला."

"कोण म्हणतं चोर?"

"इचारा की तुमच्या काकांना. बसलं होतं तिथंच."

कुंडलिकबुवांच्या हातातली दोरी थांबली.

"बस गो," मनस्वी म्हणाली. "पहिल्यापासून सांग."

हिरीनं सांगितलं. तिचा नवरा म्हादू सापगावच्या भजनी मंडळात अकरा वर्षं मृदंग वाजवतो. मंडळाची पेटी कमळाकरशेठकडे असते. शेठ निवृत्त कारकून, जुन्या पेट्या दुरुस्त करायचा त्यांना नाद. सप्ताहाच्या तोंडावर त्यांनी पेटीतले झिजलेले सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, काढून टाकले आणि जर्मनीहून जुने पितळी सूर मागवले. शहापूरच्या कुरिअर कचेरीतून खोका आणायला म्हादूला धाडलं. खोका आला, देवळात उघडला. सूर नव्हते. तिसऱ्या दिवशी देवळात बसून ठरलं की म्हादूनं वाटेत काढून विकले.

"परवा काल्याचं कीर्तन. यानला सांगितलं, मृदंगाला हात लावू नको. भाताच्या झोडणीला पण कोणी बोलवत नाय आता. मानूस दोन दिस जेवला नाय, ताई."

"शेठच्या घरचं काही आहे तुमच्याकडे?"

"काडी नाय ठेवली. शेठनं दिलेलं जुनं धोतर पण परत केलं. तो खोका तेवढा हाय. चुलीला दिला होता, पण कोंबडी बसवलीय त्यात. तिला कशी उठवू? खोका पण लय भारी. कोंबडीनं कितीबी उकरलं तरी हालत नाय."

हिरी गेल्यावर मनस्वीनं काकांकडे पाहिलं. "तुम्ही तिथे होता?"

"होतो."

"काय म्हणालात?"

"काय नाय," कुंडलिकबुवा म्हणाले. दोरी टाळात अडकवत परत म्हणाले, "कायच नाय म्हटलं गो मी."

कुरिअर कचेरीत साईनाथनं वही उघडून दाखवली. खोका जर्मनीतून निघताना तीन किलो, इथल्या काट्यावर तीन किलो. सोबतच्या यादीत एकच नोंद: एक जुनी लेन्स.

"सुरांचं नाव नाही?" मनस्वीनं विचारलं.

"नाय मॅडम. आणि चिकटपट्टी बघा, खोका आला तेव्हा काढलेल्या या फोटोतली. निळी, तिकडून पाठवणाऱ्या कंपनीच्या नावाची. चारी बाजूंनी. ती इथं कोणाकडंच मिळत नाय. म्हादूनं खोका उचलला तेव्हा अशीच होती."

बाहेर आल्यावर कुंडलिकबुवा हळूच म्हणाले, "म्हंजे इथपर्यंत सगळा माल होता. तीन किलोचे तीन किलो. मग वाटेतच..."

"काका, घाई झाली ना की आपण सगळ्यात गरीब माणसापाशी जाऊन थांबतो," मनस्वी म्हणाली आणि सापगावच्या रस्त्याला लागली.

कमळाकरशेठच्या पडवीत पेटी उघडी पडली होती. भाता एकीकडे, पट्ट्या एकीकडे.

"इथं तसे सूर तिपटीला मिळतात," शेठ सांगू लागले. "हेमंत माझा मुलगा, त्याला जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्सचं वेड. तो म्हणाला, बाबा, तिकडून मागवू. तिकडचा जुन्या वस्तूंचा दुकानदार भारतात पाठवत नाय. मग काय करायचं, एक कंपनी आपल्याला तिथलाच पत्ता देते. माल त्या पत्त्यावर जातो आणि कंपनी पुढं आपल्याकडं धाडते. पत्र, फॉर्म-बिर्म सगळं हेमंतच करतो. मला इंग्रजीतलं काय कळतंय!"

"खोका कोणी उघडला?"

"मी. देवापुढं, अडकित्त्यानं चिकटपट्टी कापली. अख्खी होती. आत हेमंतची लेन्स आणि कागदाचे बोळे. मला वाटलं, सूर मागनं येतील. म्हादूला म्हटलं, ने खोका चुलीला."

"हेमंत होता तेव्हा?"

"तो कामावर. संध्याकाळी आला, बुटं पण काढली नायत, पहिलं विचारलं, खोका कुठंय? म्हटलं, म्हादूला दिला जाळायला. तर मटकन बसला. मी सुरांचं विचारलं तर म्हणाला, येतील मागून. दोन दिवसांनी म्हणाला, नाय बाबा, एकच खोका होता." शेठनी डोळे पुसले. "अकरा वर्षं माझ्या शेजारी बसला हो म्हादू. मला पण नवल वाटतंय."

मनस्वीनं लेन्स मागितली आणि समोरच्या वाण्याच्या काट्यावर ठेवली. वेष्टणासकट सव्वा किलो. कागदाच्या बोळ्यांनी काटा हललाही नाही.

हेमंत घरीच होता. तिशीचा, हसतमुख. आज मात्र नजर भिंतीवर.

"खोक्याचं काय झालं?" मनस्वीनं विचारलं.

"जळला. चुलीत गेला."

"पाहिलंत?"

"नाही. पण... दिला होता ना जाळायला."

"म्हादूला विचारलं नाहीत?"

"कशाला विचारायचं? खोक्यात काय आहे?" तो पटकन म्हणाला.

मनस्वी उठली. "उद्या सकाळी मंडळातल्या सगळ्यांना घेऊन ओढ्यापलीकडच्या वाडीवर या. म्हादूच्या अंगणात."

"त्याच्या अंगणात? कशाला?" शेठ गोंधळले.

"आरोप देवळात केलात. आता तेवढं चालून या."

सकाळी म्हादूच्या अंगणात आठ-दहा माणसं अवघडून उभी राहिली. त्यातल्या बहुतेकांनी त्या वाडीत पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं. म्हादू कुडाला पाठ लावून बसला होता. त्यानं कोणाला या म्हटलं नाही. ओट्याच्या कोपऱ्यात खोका, खोक्यात कोंबडी.

"उचला ना तिला," कोणीतरी म्हणालं.

"नाय," हिरी म्हणाली. "दिसातनं एकदा उठते ती दाणं खायला. मंग बघा काय बघायचं ते."

"थांबू आपण," मनस्वी म्हणाली. "तोवर सांगते. हा खोका तीन किलोचा. जर्मनीतही आणि शहापुरातही. पट्टी अख्खी. ती शेठनी स्वतः कापली, तुम्हा सगळ्यांसमोर. म्हणजे वाटेत खोका कोणी उघडला?"

दोघांतिघांनी शेठकडे पाहिलं.

"कोणीच नाही. हे कळायला मी लागत नव्हते. पट्टी तुम्ही डोळ्यांनी पाहिली होती. लेन्स सव्वा किलो. मग उरलेला खोका पावणेदोन किलोचा झाला. पुठ्ठ्याचा एवढा खोका फार तर अर्धा किलो. कोंबडीनं कितीही उकरलं तरी हलत नाही, हे हिरीनं मला कालच सांगितलं."

कुंडलिकबुवांनी कपाळाला हात लावला. "आतच हायत!"

"तळात. दोन पुठ्ठ्यांच्या मधे. पण दुकानदार माल असा दडवील कशाला? कोणी सांगितलं म्हणूनच. यादीत सुरांचं नाव नाही, आणि यादी मागवणारा भरतो. संध्याकाळी घरी आल्यावर सूर कुठे आहेत असं न विचारता, खोका कुठे आहे असं विचारणारा माणूस एकच होता."

सगळ्यांची तोंडं हेमंतकडे वळली. कमळाकरशेठची सोडून. ते जमिनीकडे पाहत होते.

"जकात वाचवायची होती," हेमंत म्हणाला. "मीच लिहिलं त्याला, तळाशी लपव, यादीत घालू नको. बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी हात लावला नसता. आल्यावर गुपचूप काढून ठेवणार होतो. पण बाबांनी वाट नाही पाहिली."

"आनि मंग माझं नाव आलं," म्हादू पहिल्यांदाच बोलला.

"मला वाटलं खोका जळला. मग वाटलं, राखेत सापडले असतील, तूच विकले असशील. तसं मनाला समजावलं. तुझ्याकडे यायचं म्हणजे सगळं सांगावं लागलं असतं. दोनदा ओढ्यापर्यंत आलो, म्हादूदादा. परत गेलो."

"दादा म्हनू नको."

कोंबडी उठली. अंग फुलवून खाली उतरली आणि दाणे टिपू लागली. हिरीनं अंडी पदरात घेतली. हेमंतनं गुडघे टेकून तळाचा पुठ्ठा फाडला. कागदात गुंडाळलेल्या पितळी पट्ट्या उन्हात चमकल्या.

कोणी हात पुढे केला नाही.

"देवापुढच्या पेटीत चोरून आणलेले सूर," कमळाकरशेठ म्हणाले. "आणि चोर कोणाला म्हटलं मी!" ते म्हादूपुढे वाकायला गेले. म्हादू उठून झोपडीत गेला.

हिरीनं खोक्यात नवं गवत घातलं, अंडी एकेक करून ठेवली. "खोका ऱ्हाऊ द्या शेठ," ती म्हणाली. "बाकीचं न्या."

जकात भरून पावती येईपर्यंत पेटी उघडायची नाही, असं शेठनी ठरवलं. काल्याचं कीर्तन पेटीवाचून होणार होतं. मुरबाडचे कीर्तनकार म्हणाले, पेटी नसली तरी भागेल, मृदंग हवा. मंडळात म्हादूशिवाय मृदंग कोणाला येत नव्हता.

काल्याच्या दिवशी ऊन अंगणात उतरायच्या आत कुंडलिकबुवा एकटेच वाडीवर गेले. खांद्यावर मृदंग होता. इतक्या वर्षांत त्यांनी तो कधी वाहिला नव्हता. चढावर दम लागला. त्यांनी तो ओट्यावर ठेवला आणि खाली अंगणात बसले. बोलायचं ठरवून आले होते, घोकत आले होते.

"मी त्या दिवशी..." ते म्हणाले.

म्हादू बाहेर येऊन मृदंगापाशी बसला. मग त्यानं तो मांडीवर ओढला. उजवीकडे एक बोट मारलं, कान लावला. डावीकडे थाप दिली. कोरडा, पोकळ आवाज आला; डाव्या तोंडाची कणीक वाळून गळाली होती.

"आठ दिस कोणी बघितलं नाय याच्याकडं," तो म्हणाला. बुवांची मान वर झाली नाही.

म्हादूनं आत हाक मारली.

"हिरे, वाईच कणीक मळ गो. डाव्या तोंडाला लावायची हाय."