तडतडलेली दृष्ट

शेगडीत असा काही तडतडाट उठला, की दारात झोपलेलं मांजर उडी मारून पळालं.

"बघितलंत? केवढी दृष्ट लागली होती पोरीला!" गंगूआत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत नवी भाची बघायला आत्या ठाण्याहून डोंबिवलीला आली होती. आल्या दिवशीच तिने घराचा ताबा घेतला. तान्ही जरा किरकिरली, की आत्या मीठ, मोहरी आणि मिरच्या मुठीत घेऊन दृष्ट काढायला हजर! तेव्हा कुणी अवाक्षर बोलायचं नाही, हा तिचा दंडक. आणि चष्मा फक्त वाचताना लावायचा, हाही तिचाच दंडक.

पण त्या दिवशी दृष्ट काढून झाल्यावर आईच्या लक्षात आलं, की तान्हीच्या हातात मनगटी नाही. काळे काचमणी, मधेमधे सोन्याचे बारीक मणी आणि मधोमध पांढऱ्या ठिपक्यांचा टपोरा दृष्टमणी अशी ती सुरेख मनगटी. तान्हीच्या थोरल्या बहिणीला, शीलाला, ती फार आवडायची. तान्हीने हात हलवला की बघणारा आधी तो ठिपक्यांचा मणीच बघत राही.

तान्हीला न्हाऊमाखू घालायला सखुबाई येत असे. तेलाने दोरा खराब होऊ नये म्हणून ती मनगटी काढून स्वयंपाकघरातल्या पितळी वाटीत ठेवायची. आजही तिथेच ठेवली, असं ती गळ्यावर हात ठेवून सांगत होती. पण वाटी तर रिकामी! आत्याने तिथल्या तिथे निकाल लावला. मनगटी हिनेच घेतली आणि दृष्टही हिचीच लागली, उगाच का शेगडी एवढी तडतडली? हे चाळीतल्या सगळ्या बिऱ्हाडांनी ऐकलं.

"बाय, या हातांनी आळीतली निम्मी पोरां न्हाणली," सखुबाई आईला म्हणाली. "आता माजीच नजर वायट?"

आई काहीतरी बोलणार होती, पण आत्यापुढे तिचं कधी काही चालत नसे. सखुबाई डोळ्यांना पदर लावून निघून गेली. संध्याकाळपर्यंत समोरच्या काकूंनीही तिला निरोप धाडला, की आमच्या बाळाला न्हाऊ घालायला येऊ नका. एकदा अशी बोलवा झाली की दुसरं घर तरी कशाला बोलावेल? शीलाला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी ती आणि तिचा धाकटा भाऊ बाळ विहिरीवर गेले, तर भिवा तोंड पाडून बसलेला. भिवा म्हणजे सखुबाईचा नातू, या दोघांचा सुट्टीतला जोडीदार. आजी चुलीपाशी नुसती बसून आहे, असं त्याने सांगितलं. शीलाने दोघांना हाताला धरून थेट आपल्या स्वयंपाकघरात नेलं आणि ती पितळी वाटी उजेडात धरली. तिच्या तेलकट बुडाला मिठाचे खडे आणि मोहरीचे दाणे चिकटले होते.

"मनगटीच्या वाटीत मोहरी कशी आली?" शीलाने विचारलं.

बाळ डोकं खाजवत म्हणाला, की आत्याने दृष्टीचं सामान याच वाटीत काढलं होतं. मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. स्वयंपाकघरात दिवसाही अंधार, आत्याच्या डोळ्यांना चष्मा नाही, आणि काळ्या मोहरीत काळे मणी!

"म्हणजे तडतडली ती दृष्ट नव्हे, काच," भिवा हळूच म्हणाला.

पण शेगडी लख्ख पुसलेली. आईने सांगितलं, की मळेवाला काळुराम नेहमीसारखा पहाटे येऊन राख घेऊन गेला. वांग्यांवरची कीड मारायला तो घरोघरची राख न्यायचा. तिघं चाळण उचलून खाडीकडे धावत सुटली!

काळुरामचा मळा खाडीच्या फाट्यापलीकडे होता आणि भरती लागली होती. भिवाने काकाची लहानशी होडी सोडली. पलीकडे काळुराम काखेत टोपली घेऊन मुठीमुठीने राख उधळताना दिसत होता. शीलाने बेंबीच्या देठापासून हाका मारल्या, पण वाऱ्यापुढे काही ऐकू जाईना. शेवटी बाळने तोंडात बोटं घालून अशी शिट्टी फुंकली, की काळुरामची मूठ वरच्या वर थांबली.

टोपलीतली राख चाळली. वाफ्यातली वरवरची मातीही चाळली. आधी कोळशाचे तुकडे, मग एक पिवळा ठिपका, मग आणखी काही, आणि शेवटी वितळून वेडावाकडा झालेला दृष्टमणी! भिवाने तोंड फिरवून बाहीला डोळे पुसले.

दुपारी शेजारणी निवडण-टिपण करायला जमल्या, तेव्हा शीला कपाळ धरून आत्यापुढे बसली. आपल्याला दृष्ट लागली म्हणाली. आत्या खूश! तिने दृष्ट काढून मूठ शेगडीत टाकली, तर मोहरी जेमतेम कुरकुरली.

"आत्या, आता हे टाक बरं," म्हणून शीलाने आईच्या डबीतले चार काळे मणी तिच्या हातावर ठेवले.

तड, तड, तडाड! आत्या दोन पावलं मागे सरली. मग शीलाने मूठ उघडून सोन्याचे काजळलेले मणी सगळ्यांना दाखवले आणि वाटी पुढे केली. आत्याने मुकाट्याने चष्मा लावला. वाटीत बघितलं.

बाबांनी तिन्ही पोरांच्या पाठीवर थाप मारली आणि मोठ्यांच्या डोक्यात आलं नाही ते तुम्ही शोधलंत म्हणाले. आत्या मात्र सरळ बाजारात गेली. नवा दोरा, नवे काचमणी आणि नवा दृष्टमणी आणून तिने मनगटी ओवली. मग तान्हीला उचलून ती सखुबाईच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मागे सगळी चाळ होतीच.

"चूक माझी झाली, सखुबाई," आत्या सगळ्यांदेखत म्हणाली. "ही मनगटी तुम्हीच बांधा. दुसऱ्या कुणाच्या हातची मला नको."

सखुबाईने तान्हीला मांडीवर घेतलं आणि गाठ मारता मारता शेजारी वाकलेल्या शीलाला म्हणाली, "नजर पडायचीच, बाय. लेकराकडं कोन बघनार नाय? म्हनून ह्यो मनी. नजर पयली त्याच्यावर पडतं, लेकरू बाजूला रातं."

तान्हीने मूठ हलवली. सखुबाईने मान वर करून गर्दीतल्या समोरच्या काकूंकडे पाहिलं.

"उद्या सकाळला पानी चांगलं कढत ठेवा," ती म्हणाली. "तुमचं लेकरू कोमट पान्यानं लय रडतं."